गच्चीवरची रेंज

ती. मावशीस,

नाशिकच्या ऑफिसात लागलो आणि मी फेसबुक साफसूफ केलं. मळ्यातले फोटो काढले, ब्लेझरमधला लावला. तुलाही ब्लॉक केलं. माझ्या प्रत्येक फोटोखाली तू लिहायचीस, "म्हैस व्याली, खरवस ठेवलाय, कधी येतो?" ऑफिसातली पोरं ते मोठ्यानं वाचून हसली. मीही हसलो.

रविवारी सायखेड्याला आलो, तर तू फोन माझ्याच हातात दिलास. "याच्यात तू दिसंना झाला. काय बिघडलं बघ बरं."

मी उगाच बोटं फिरवली आणि म्हणालो, "इथं रेंज नाय, मावशी."

आज काकांचा फोन आला. "अरे, ही रोज दिवेलागणीला गच्चीवर चढती, रेंज धरायला. गुडघे दुखतात, तरी ऐकत नाय. तू तरी सांग तिला."

तुझा,
प्रीतेश