विहिरीकडच्या ओळींना दिलेलं पाणी

प्रिय कमल,

परवा मी संत्र्याच्या बागेला तासभर पाणी दिलं. विहीर आपली, पंप उन्हावर चालणारा, म्हणजे खर्च काहीच नाही. खरी किंमत सांगू? विहिरीकडच्या ओळींचं वर्षभराचं फळ. हिवाळ्यात पाणी तोडून झाडांना दिलेला ताण मी मोडला. आता त्या ओळी पालवीनं हिरव्यागार दिसतील आणि फूल काही येणार नाही. संक्रांत तोंडावर आलेली, थोडेच दिवस कळ काढायची होती, आणि मी बटण दाबलं.

दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसतील. तूही हसशील, पण आधी कारण ऐकशील. म्हणून लिहायला बसलो.

आपल्या माधुरीला सातव्यातच मुलगी झाली. अकोल्याच्या दवाखान्यात आहे, काचेत ठेवलीय. माझ्या दोन तळहातांत मावेल एवढी. घशात नळी, श्वास मशीनचा. डॉक्टरीणबाई रोज एकच सांगतात, वाट पाहा. किती दिवस, विचारलं तर म्हणतात, ते बाळच सांगेल.

मला वाट पाहायची सवय कुठे आहे गं? आमचं खानदान भाजीपाल्याचं. आज पाणी, उद्या तोडणी, परवा पहाटे बाजार. सायकलला पालकाच्या जुड्या बांधून निघालो तेव्हापासून दारात दोन गाड्या उभ्या राहीपर्यंत मी कुणासाठी थांबलो नाही. संत्रा तुझ्या माहेरचा, कारंजाकडचा. किन्हीराजाच्या या मातीत तो तूच हट्टानं आणलास.

झाडं फळावर आली त्या पहिल्या हिवाळ्यात तू पाणी तोडायला लावलंस, आठवतं? पानं वळली, पिवळी पडली, गळायला लागली. मी रोज दुपारी पंपाकडे निघायचो आणि तू बांधावर आडवी. "अवो, मरून नाही राह्यलं ते झाड. बळ गोळा करून राह्यलं. तुमी त्याले भेंडी समजू नका." निंदायला आलेल्या बाया पदरात तोंड घालून हसल्या होत्या. मग फेब्रुवारीत सारी बाग पांढरी झाली, आणि तू मला एका शब्दानं टोचलं नाहीस. तेच जास्त लागलं!

आता अकोल्यात तसंच चाललंय. डॉक्टरीणबाई मशीनचा जोर थोडा थोडा कमी करताहेत. मी भांडलो. म्हटलं, कमी कायले करता, वाढवा ना. त्या शांतपणे म्हणाल्या, सगळा श्वास मशीननंच घेतला तर ती स्वतः घ्यायला कधी शिकणार? बांधावरचा तुझा आवाज ऐकल्यासारखं झालं. पण कमल, झाड ते झाड. ही पोर आहे! आणि डोक्यात शिरलं म्हणून मन ऐकतं का?

त्याच दुपारी कपडे न्यायला घरी निघालो. घाटात फोनची रेंज गेली, मेडशी येईपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता. घरी आलो, बागेत गेलो, ती सुकलेली पानं पाहिली आणि राहवलं नाही. तिला काही देता येत नव्हतं. यांना तरी देता येत होतं.

देवाचं खातं तुझ्याकडे होतं. मी नुसता चिडवायचो, तुझ्या बालाजीले फोन लाव म्हणून. आता मलाच बोलावं लागतं, तर तोंडातून बाजारच निघतो. काचेत ठेवलं तेव्हा अकरा नारळ बोललो. नळी घातली तेव्हा चांदीचा पाळणा. बाजारच्या हर्रासात बोली लावली की समोरचा निदान मुंडी तरी हलवतो. इथे माझ्यावर मीच बोली चढवत बसलोय.

तुझाही राग येतो. देवावर एवढा भरवसा ठेवलास आणि तरी गेलीस. मग त्याचं झालं काय? तुझ्या आजारपणात हेच विचारलं होतं मी, जरा कडूच. तू उशीवरची मान वळवून म्हणालीस, "बरी व्हईन म्हणून ठेवला का मी भरवसा? थो काय सौदा हाय? बरी नाही झाली तरी थो इथंच हाय ना."

तेव्हा पटलं नव्हतं. आज पुरतं पटलंय असं खोटं लिहीत नाही. पण दवाखान्याच्या त्या बोळीत उभं राहिलं की टेकायला भिंत आणि तुझं एवढंच वाक्य असतं. दिवसभर ते मनात म्हणतो, आणि पुन्हा दाराच्या फटीला डोळा लावतो.

काल माधुरी, अंगावर टाके असताना, त्या दारापाशीच बसून होती. जेवत नव्हती. आतून रडण्याचा आवाज आला तशी एकदम म्हणाली, "बाबा, आपली बरी असंन ना आत?" मी म्हटलं, "माह्या कानाले काय विचारतं, बाई! हर्रासात व्यापाऱ्याच्या खाकरण्यावरून भाव सांगणारा माणूस मी. आत रडून राह्यली ना, ते आपलीच. कसा खणखणीत आवाज हाय!" पोर हसली. दोन घास खाल्ले, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. जावईबापूंनाही मी ते ऐटीत सांगितलं.

कमल, विहिरीकडच्या ओळी गेल्या त्या गेल्या. उरलेल्या बागेचं पाणी मी वेळेआधी सोडणार नाही. पाळणा द्यायचा तेव्हा देईन, पण त्यावर आता बोलणी नाहीत. रोज संध्याकाळी, जिथे असेन तिथे, तुझ्या देवासमोर काही न मागता बसेन. जमेल का माहीत नाही. चुळबुळ होईल. पण उठणार नाही, एवढा शब्द देतो.

आज सकाळी नर्सबाईंना कौतुकानं म्हटलं, काल आपली केवढी रडली! त्या म्हणाल्या, "काका, थे शेजारच्या पेटीतलं बाळ. घशात नळी असली का रडण्याले आवाजच नसते." आपल्या नातीचा आवाज अजून कुणीच ऐकलेला नाही.

तुझाच,
गजानन