उरलेला अर्धा खड्डा

४ नोव्हेंबर

पोचले बाई एकदाची! ऑक्सफर्डशायरमधलं ओलं शेत, पत्र्याची केबिन, वाफाळता चहा आणि आमचे प्रमुख क्लाइव्ह यांचे टोमणे. मजा येणार आहे. इथे घरं बांधायची आहेत, त्याआधी जमिनीखाली जुन्या काळातलं काय दडलंय ते आम्ही पुरातत्त्ववाल्यांनी बघावं म्हणून जेसीबीने लांबलांब चर मारून ठेवलेत. नियम एकच: चरात जुन्या काळी कुणी खणून बुजवलेला खड्डा लागला, तर तो अर्धाच खणायचा, उरलेला अर्धा जसाच्या तसा सोडायचा. दिवसातली सगळ्यात भारी वस्तू ज्याला मिळेल, त्याला केबिनमधली हीटरजवळची खुर्ची. उकरायला मी बाबांची थापी आणलीय, दांड्याला त्यांनीच हिरवी टेप गुंडाळलेली. खुर्ची माझीच!

५ नोव्हेंबर

शेजारच्या चरात इमोजेन असते. स्वभावाने गोड आहे, तेच तर खुपतं. सकाळी तिला रोमन काळातली लाल चकचकीत वाटी मिळाली, दुपारी त्याहून कितीतरी जुनं, गारगोटीचं पातं. आणि मला? शेतातलं पाणी काढायचा मातीचा पाइप. हेटी, गांडुळं तरी नीट जपून ठेव गं, असं क्लाइव्ह म्हणाले आणि सगळे खिदळले. इमोजेनने उठून मला खुर्ची देऊ केली. नकोय मला तिची दया! मी उभ्यानेच चहा प्यायले.

७ नोव्हेंबर

आज तर कहरच झाला. इमोजेनच्या खड्ड्यात सांगाडा लागला. रोमन काळातला, पालथा पडलेला. उजवा हात पुढे ताणलेला, मनगटापासून पुढचा भाग न खणलेल्या मातीत. क्लाइव्हनी काम थांबवलं. माणसाची हाडं उचलायची सरकारी परवानगी येईपर्यंत कुणी बोटसुद्धा लावायचं नाही म्हणाले. अहवालात नाव इमोजेनचंच येणार. जळफळाट होतोय नुसता. त्या मुठीत काहीतरी आहे, नक्की आहे. तेवढं तरी मला मिळू दे.

८ नोव्हेंबर

धुकं. सगळे चहाला गेले. मी मागे राहिले, इमोजेनच्या खड्ड्यात उतरले आणि उरलेला अर्धा उकरला.

मूठ लागली. मुठीत थापी. पातं गंजून झिजलेलं, पण दांड्याला हिरवी टेप. बाबांनी गुंडाळलेली.

मग मी एवढा वेळ उकरत कशाने होते? हाताकडे बघितलं. रिकामा. नखं सोललेली, रक्त.

सांगाड्याच्या बोटांनी थापी सोडली. माझं मनगट—

९ नोव्हेंबर?

अंगावर माती. हलता येत नाही. लिहिते कशी, कळत नाही—

वर क्लाइव्ह बोलत होते. हेटी न सांगता पळाली, झेपलं नाही पोरीला, म्हणे. इमोजेन रडली. ढोंगी मेली!

मी ओरडले. तोंडात माती—

तारीख नाही

परवानगी आली वाटतं. वर थापी घासतेय. तिचीच. तिचा हलका हात मी ओळखते—

ब्रश. डोळ्यांच्या खोबणीतून. गार हवा.

इमोजेन ओरडली, अहो, लवकर या, इथे अजून एक आहे! सगळे धावले. वा गं पोरी, क्लाइव्ह म्हणाले, आजही खुर्ची तुझीच.

तिची? परत तिची? मी आहे ही! आधी मी उकरलं— मीच— माझं नाव तरी कुणी लि—