खैराचा दांडा

रत्नागिरी, रविवार ता. ११ नोव्हेंबर १९३४, सकाळचे साडेआठ. पाना रॉकेलने पुसून ठेवला आणि लिहावयास बसलो.

तीर्थरूप आप्पांच्या पायांशी महिपतचा दंडवत.

माझी प्रकृती बरी आहे. सडक दाबायच्या वाफेच्या इंजिनावर मदतनीस म्हणून लागलो. हत्यारे स्वतःची लागतात. दुकानात मी सात-आठ जिन्नस काढले, तेव्हा आमचे भिकाजी मिस्त्री हसले, "लग्नाची भांडी घेतोस काय रे? एक पाना नि एक हातोडा घे. बाकीचं काम सांगेल तसं."

हातोड्याचा विकतचा दांडा काल फुटला. लोखंड पायाशेजारी पडले. लागले नाही, आईला सांगू नये. मिस्त्री म्हणाले, "धड दांडा आण, मगच इंजिनाला हात लाव."

मी शेत सोडले ते तुम्हांस रुचले नाही, हे जाणतो. तरी कुऱ्हाडीला घालता तसा खैराचा दांडा तासून, इकडे येणाऱ्या कुणाकडे द्याल काय? तुमच्या मुठीत बसेल तो माझ्याही बसेल.

आईचा खोकला थांबला काय?

तुमचा,
महिपत

खर्च : पाना व हातोडा मिळून दोन रुपये. देणे : मिस्त्रींचे आठ आणे. दांड्याचे पैसे तुम्ही घेणार नाही, म्हणून मांडले नाहीत.