नवव्या दिवशी आत घेतलेली गाय

मी, श्रीनिवास विठ्ठल राऊत, वय ५६, राहणार चंदनसार, विरार पूर्व, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाविना (पत्नी समोर बसली आहे, ती बाब वेगळी) हे लिहून ठेवतो. सोमवारी हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर आशावादी आहेत. मी संस्कृत शिकलेला आहे, देहाच्या क्षणभंगुरतेचे श्लोक पाठ आहेत.

१. घर व बँकेतील ठेव पत्नी यशोदा हिची.

२. गोठा व चौदा गाई मुलगी हेमाली हिच्या. अट अशी की नवे जनावर एकवीस दिवस वेगळ्या पडवीत बांधावे, आणि दारातल्या औषधी पाण्यात पाय बुडवल्याशिवाय कोणी आत येऊ नये. पिंडाच्या कावळ्याला सूट.

३. माझे ग्रंथ शाळेला. त्यांत दहा दिवसांच्या सुतकावर पानेच्या पाने आहेत. ते दहा दिवस मी पाळले. एकवीस दिवस मात्र पाळले नाहीत, ते असे:

४. तीन वर्षांपूर्वीची वसुबारस. नवी पांढरी गाय वासरासह आणून नऊच दिवस झाले होते. देखणी होती, पूजेला तीच हवी, हा माझा हट्ट. यशोदा म्हणाली, “अहो, एकवीस होऊ द्या की.” मी म्हणालो, “देवाला क्वारंटाइन शिकवतेस?” गाय ओळीत बांधली. शेजारचा क्लिफर्ड डाबरे दरवर्षीसारखा गाईंना ऊस घेऊन आला, सगळ्यांच्या पाठीवर हात फिरवून आपल्या गोठ्यात परतला.

पाचव्या दिवशी माझ्या गाईंच्या तोंडून लाळ गळू लागली. लाळ्या-खुरकूत. मी तीन दिवस लपवले. क्लिफर्डने आपल्याकडे दिसताच त्याच दिवशी पशुवैद्यांना कळवले. म्हणून कागदोपत्री रोग त्याच्या गोठ्यातून निघाला. लोकांनी त्याचे दूध बंद केले. माझ्या ओट्यावर बसून तो म्हणाला, “भाऊ, तुम्ही तरी सांगा ना, माझ्याकडनं नाय आलं.” मी चहा पुढे सरकवला. महिन्याभरात त्याने गोठा मोडला.

ओवाळलेल्या वासरांपैकी सहा गेली. रोग मी आणला. हे कलम येत्या वसुबारसेला गोठ्यापुढे सर्वांदेखत हेमालीने वाचावे. उरलो, तर मीच वाचीन.

५. क्लिफर्डला काही ठेवत नाही. साक्षीदाराला काही देऊ नये, असे वकील म्हणतात. सही करण्याआधी त्याने चौथे कलम वाचावे, एवढीच विनंती.

चंदनसार, शुक्रवार, १२ सप्टेंबर २०२५
श्रीनिवास विठ्ठल राऊत (सही)

साक्षीदार:
मार्सेल लोपीस, निवृत्त शिक्षक (सही)
क्लिफर्ड डाबरे (सही) — वाचलं, भाऊ. सहा नाय, दहा लिहा. माझी चार धरली नाहीत.