बहुवर्षायू डायन्थस

१२ नोव्हेंबर
नर्सरीतून डायन्थसच्या फुलांची रोपं आणली. टॅगवर स्पष्ट छापलंय : पेरेनियल, मिक्स कलर. म्हणजे बहुवर्षायू. मी बॉटनी घेऊन बी.एस्सी. केलंय, मला अर्थ कुणी सांगायला नको. शेजारच्या शोभाताई फाटकातूनच म्हणाल्या, "कायचं पेरेनियल जी! नागपूरच्या उन्हात मरते हे. दरवर्षी नवं आणा लागते." त्यांची मरत असतील. त्यांच्या घरात कशालाच शिस्त नाही. पुढच्या दिवाळीत हीच रोपं दाखवीन, असं सांगून ठेवलं.

३० नोव्हेंबर
कळ्या आल्या. सगळ्या खुडल्या. पहिल्या वर्षी सगळी ताकद मुळांत गेली पाहिजे. हे म्हणाले, "एक तं राहू दे वं. पाहू तरी." आज एक, उद्या दोन. नवऱ्याचं ऐकून बागकाम होत नाही.

२५ डिसेंबर
शोभाताईंच्या कुंड्या फुलांनी भरल्यात. उथळपणा. आमची पानं मात्र काय घट्ट आहेत! सकाळी हे चहाचा कप घेऊन एका कळीपाशी उभे होते. मी कात्री घेऊन आले तेव्हा आत गेले. कोवळं ऊनसुद्धा सोसत नाही त्यांना.

१८ फेब्रुवारी
पुन्हा कळ्या. पुन्हा कात्री. हे आता काही बोलत नाहीत. पटलेलं दिसतंय.

९ एप्रिल
पानांची टोकं पिवळी. पोर्चवर हिरवी नेट बांधली. रोपं हवामानाशी जुळवून घेत आहेत. काळजीचं कारण नाही.

२ मे
पारा चव्वेचाळीस. दोन रोपं आडवी. याला सुप्तावस्था म्हणतात. तरी खबरदारी म्हणून हॉलच्या खिडकीतला कूलर उलटा केला, तोंड पोर्चकडे. घरात कूलर एकच. हे म्हणाले, "अन् मी?" पंखा आहे. शिवाय रोपांना जागचं हलता येत नाही, माणसाला येतं. हे मी त्यांना समजावून सांगितलं.

६ मे
प्रयोग यशस्वी. पोर्चमध्ये उत्तम गारवा. कॉलनीतला कुत्रा कुंड्यांमध्येच झोपतो. दूधवाला दूध देऊन झाल्यावरही माझ्या तब्येतीची चौकशी करत थांबतो. शोभाताई म्हणाल्या, "आता रस्त्यालेच थंडा करून राहिल्या काय जी?" दुर्लक्ष केलं.

११ मे
हे काटोलला गेले, धाकट्या भावाकडे. देवाजीला संत्र्याच्या बागेत मदत हवी आहे म्हणे. बागेतलं यांना काय कळतं? जाताना उशी नेली. उशी कशाला, विचारलं. "असू दे" म्हणाले. दोन दिवसांत कंटाळून येतील.

२० मे
अजून बागेतलं काम संपलेलं नाही. कूलरची टाकी भरायचं काम यांचं होतं. आता बादल्या मी उचलते. व्यायाम होतो. कंबर दुखते ती वेगळ्या कारणाने.

२६ मे
कालपासून नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापते नऊ दिवस. बाहेर पाय टाकवत नाही. फोन केला. देवाजीने उचलला. "दादा जेवून कूलरपुढे झोपले हायेत, वहिनी. उठवू काय?" नको म्हटलं. तसं काही काम नव्हतंच.

३० मे
देठ खालून काळे पडलेत. मातीला कुबट वास. कूलरच्या ओल्या हवेनं सडले, असं शोभाताईंचं मत. मी मत मागितलं नव्हतं. एक रोप हलवून पाहिलं, ते वरच्या वर हातात आलं. मग तपासणी पूर्ण व्हावी म्हणून बाकीचीही हलवली.

१ जून
कुंड्या धुऊन पालथ्या घातल्या. कूलर सरळ केला. घरात चांगली हवा येते. इतकी हवा एका माणसाला जास्त होते.

३ जून, काटोल
संत्र्याची बाग पाहायला आले. बसमध्ये उभं राहावं लागलं. हे अंगणात बाजेवर बसलेले. वजन वाढलेलं दिसलं, ते मला आवडलं नाही. "आली काय?" एवढंच म्हणाले. कूलरबद्दल त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

जेवताना देवाजीची बायको गोपिका म्हणाली, "ताई, मोठे भाऊजी फुलायचं सांगत होते. सहा महिने लय मेहनत केली म्हणे तुम्ही. कोणत्या रंगाचे होते जी?"

टॅगवर नुसतं मिक्स कलर छापलं होतं. बॉटनीच्या पदवीचा इथे उपयोग नव्हता. "गुलाबी," मी ठामपणे सांगितलं.

देवाजीने भावाकडे पाहिलं. हे भात कालवत होते. "गुलाबीच," म्हणाले. "लय फुलले होते. पोर्च भरला होता पुरा."

मग मान वर न करता त्यांनी गोपिकेला विचारलं, नागपूरची सकाळची पहिली बस किती वाजता असते, आणि आपली उशी कुठे ठेवली आहे.