प्रवाळाचा तपास

५ जानेवारी, रविवार
नवीन वर्षाचा संकल्प: कुणावरही आंधळा विश्वास ठेवायचा नाही. मागच्या वर्षीही हाच होता, पण तेव्हा मी जरा ढिला पडलो.
आज तनुजानं पाकीट दिलं. पोरगी शेंद्र्याला कंपनीत आहे, कमावती आहे, कबूल. पण आई-बाबांच्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून थेट अंदमानातल्या बेटावर रिसॉर्ट? विमान, बोट, जेवणखाण सगळं आत? गुलमंडीत उभी हयात कापड विकलं मी. फुकट आलेल्या ताग्यात कुठंतरी दोष असतोच. मुलगाबिलगा पाहिलास का, म्हणून सरळ विचारलं. ती म्हणाली, बाबा, मुलगा असता तर मीच गेले असते की. उत्तर तर्काला धरून आहे. म्हणूनच संशय बळावतो.
सत्यभामा मात्र रडायलाच लागली. टीव्हीवर समुद्राखालची रंगीत प्रवाळं अन् मासे बघत बसते रोज. म्हणाली, मला तिथं दुसरं काही नको, एकदा समुद्रात तोंड घालून ते बघायचंय, अन् जोडीनं बघायचंय. शब्द दिला. मला पोहता येतं. लहानपणी फुलंब्रीला मामाच्या विहिरीत पोहलोय. कमरेला दोर होता, पण तो आपला नावाला.

९ जानेवारी, गुरुवार
दुपारी दुकानातून अवचित घरी आलो. अवचितच यावं माणसानं. अंगणात सत्यभामा धुण्याच्या ड्रममध्ये डोकं घालून उभी. ओरडलो. ती वर आली अन् उलट माझ्यावरच चिडली, कारण तिचा श्वास धरायचा सराव मोडला. डोळे मिटूनच करते म्हणे, नळाच्या पाण्यातलं औषध झोंबतं.
सराव ठीक आहे, पण पाणी सांडतं त्याचं काय? आपल्याकडं नळ येतो आठवड्यानं, तोही त्याच्या मर्जीनं. आजपासून ड्रमची मोजणी चालू. सकाळ-संध्याकाळ हात घालायचा, दंड कुठपर्यंत भिजला ते बघायचं. हिशोब चुकेल, हात चुकणार नाय. भामाबाई भांडी घासता घासता बघून हसली. आमच्याकडं कामाला कैक वर्षं आहे, पण अशी कधी हसली नव्हती. लक्षात ठेवलंय.

१७ जानेवारी, शुक्रवार
अंगठी गेली. पोवळ्याची. मंगळासाठी घातलेली, चांदीत मढवलेली. पोहे खाताना होती, संध्याकाळी नाही.
सत्यभामा म्हणते की ती कधीची ढिली झाली होती, दोरा गुंडाळा म्हणून किती वेळा सांगितलं. बोट बारीक झालंय हे खरं, मॉर्निंग वॉकमुळं. (वॉक चालू करायचाय.) पण ढिली म्हणून वस्तू चालत घराबाहेर जात नाय. घरात येतं कोण? आम्ही तिघं. अन् भामाबाई.

१८ जानेवारी, शनिवार
बोललो. आरोप अजिबात केला नाही. पिशवी जरा उलटी करून दाखवतेस का, एवढंच विचारलं. तिनं ओट्यावर पिशवी उलटी केली. कंगवा, गोळ्यांचं पाकीट, फडक्यात अर्धी भाकरी. मग हातातलं फडकं घडी करून ठेवलं अन् गेली.
निर्दोष माणूस इतक्या लवकर निघून जात नाही, असं मी जेवताना म्हणालो. सत्यभामा म्हणाली, निर्दोष माणूसच जातं. त्यानंतर ताटाकडं बघून जेवली. आपण आपल्या जागी बरोबर आहोत. तरी भाजी उतरली नाय.

२ फेब्रुवारी, रविवार. बेट.
पोचलो. समुद्र नको तितका निळा आहे. इतका पक्का निळा रंग मी कापडाच्या एकाही ठोक व्यापाऱ्याकडं बघितला नाही. पाण्यात काहीतरी टाकत असणार.
प्रवाळ दाखवणारी पोरगी मेघा, रत्नागिरीची, मराठी बोलते. एवढ्या लांब मराठी माणूस मिळतो म्हणजे गिऱ्हाईक पटवायला मुद्दाम ठेवलेला. तिनं सूचना सांगितल्या: प्रवाळाला हात लावायचा नाही, त्यावर उभं राहायचं नाही, अंगाला क्रीम फासून पाण्यात उतरायचं नाही. कारण म्हणे प्रवाळ जिवंत प्राणी असतो, अन् आपलं पोवळं त्याचंच भावंड. मी तिला सांगितलं की इतकी वर्षं बोटात घातलं, एकदाबी हललं नाय. ती हसली. भामाबाईसारखीच.
खोलीत पाटी: बेटावर गोडं पाणी मशीननं बनवावं लागतं, दुपारी पुरवठा बंद राहील, जपून वापरा. घ्या! हजारो मैल आलो अन् नशिबात तोच नळ. पण आम्ही काय कच्च्या गुरूचे चेले नाही. घरची पद्धत लावली: दोन्ही नळ पूर्ण उघडे, खाली स्टीलचा कचऱ्याचा डबा उपडा. पाणी आलं की ताडताड वाजतं, माणूस झोपेतून उठतो. सत्यभामानं नळ बंद केले. म्हणाली, हे हॉटेल आहे, घर नाय. ती बाहेर गेल्यावर परत उघडले.

३ फेब्रुवारी, सोमवार
आज प्रवाळ बघायला जायचं होतं. आधी धक्क्यावरून माल तपासला. पाण्यात जागोजागी पांढरे डाग. पहिल्या धुण्यात रंग सोडणारं कापड मी लांबून ओळखतो. मेघाला गाठलं अन् म्हटलं, रंग कच्चाय तुमचा. ती म्हणाली की समुद्र तापला की प्रवाळ रंग टाकतं, मग त्याची उपासमार होते, मरतंसुद्धा. तुटलेले तुकडे ती लोखंडी चौकटींना दोऱ्यानं बांधून वाढवते. काही जगतात. आईबाप सोडून पाण्यात दोरे बांधत बसायला कुणी येतं का उगाच? काहीतरी कमिशन असणार.
बोटीच्या वेळी सत्यभामा काच कपाळावर चढवून तयार होती. पाण्यात बघायची काच, तोंडाला बसते ती. मी लाटा बघितल्या. उलट्या बाजूनं येत होत्या. उद्या जाऊ म्हटलं. तशी ती एकटी जाईना, जोडीनं ठरलंय म्हणाली. दिवसभर धक्क्यावर बसून वरूनच बघत राहिली. मी बेटाची पाहणी केली.
संध्याकाळी अख्ख्या रिसॉर्टचं पाणी गेलं. मॅनेजर हात जोडत फिरला, मशीन चालूय पण टाकी का रिकामी होते कळत नाही म्हणाला. मला न कळायला काय झालं? पाणी बाहेर विकतात, दुसरं काय. टँकरचं राजकारण आमच्या गल्लीत शेंबडं पोरगंही जाणतं. लोक जमले होते, त्यांना पुढारी नव्हता. झालो.
खोलीवर आलो तर नळ कोरडेच. डबा जरा ओला होता. दमट हवा.

४ फेब्रुवारी, मंगळवार
पंपाच्या खोलीवर पाळत. नारळाच्या आडोशाला सकाळपासून उभा. निघताना नळांची व्यवस्था लावूनच निघालो. पंपावर एक माणूस दोनदा आला, तेल घालून गेला. फारच सरळ वागत होता.
बोटीच्या वेळी सत्यभामा मला शोधत आली. मी सांगितलं की इथं शंभर माणसांच्या पाण्याचा प्रश्न आहे. ती म्हणाली, "उद्याचा एकच दिवस राहिलाय हो." तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली की उद्या काही झालं तरी जोडीनं पाण्यात. तिला ते पटलं. लगेच पटतं तिला सगळं, हाच तिचा दोष.
संध्याकाळी परत टाकी रिकामी. मशीन दिवसभर घरघरत होती, मी साक्षीदार. सभेत मी ठणकावून सांगितलं की झडती घ्या, आधी नोकरांच्या खोल्या घ्या. मॅनेजर म्हणाला, सकाळी सगळ्याच खोल्या बघू. टाळ्या पडल्या. नाश्त्याच्या सभेची तयारी केली. भाषणाचे मुद्दे काढले.

५ फेब्रुवारी, बुधवार
बोट रद्द. सगळ्यांचीच. ती मोठ्या बेटावरून पिण्याचं पाणी आणायला गेली, अन् धक्क्यावरून पाण्यात उतरायला मनाई, बोटीशिवाय प्रवाळापर्यंत जाता येत नाही. दुपारी आमचा मुक्काम संपणार. सत्यभामानं काच कपाळावरून काढून मांडीवर घेतली. मी म्हटलं, चोर सापडू दे, एकेकाला सरळ करतो.
नाश्त्यानंतर झडती. पुढं मी, मागं मॅनेजर, मेघा, सत्यभामा अन् पाहुण्यांची फौज. नोकरांच्या खोल्यांत काही नाही. मग आमची ओळ. आमच्या दाराशी आलो तर आतून आवाज. ताडताड ताडताड.
दोन्ही नळ. पूर्ण उघडे. डब्यावरून पाणी उसळून मोरीत चाललेलं. बाहेर असताना हा आवाज ऐकू येत नाही, ही या पद्धतीतली त्रुटी आहे. घरी कधी लक्षात आली नाही, कारण घरी कुणीतरी असतंच.
मॅनेजरनं आत जाऊन नळ बंद केले. मेघानं डब्याकडं बघून विचारलं, हा असा उपडा का? मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात सत्यभामा बोलली: "आमच्याकडं आठवड्यानं नळ येतो. आवाज यावा म्हणून असा उघडा ठेवतात." रागानं नाही बोलली. कुणाला घराचा पत्ता सांगावा तसं सांगितलं. रागावली असती तर मला काहीतरी म्हणता आलं असतं.
माझ्यामागची फौज कधी पांगली कळलं नाही.
निघायच्या बोटीपर्यंत सत्यभामा धक्क्यावर पाय सोडून बसली होती. मी मागं उभा. काहीतरी बोलावं असं लई वाटत होतं. शेवटी म्हटलं, वारा गार सुटलाय. निघताना मेघानं तिला ती काच देऊन टाकली, काकू, ठेवा तुम्ही, म्हणाली. बिल नीट तपासलं. काचेचे पैसे लावलेले नाहीत. मागून लावतील.

११ फेब्रुवारी, मंगळवार
पहाटे नळ आला. पाणी भरलं सत्यभामानंच, भामाबाईची जागा अजून रिकामी. मी दोन बाया ठरवल्या होत्या, दोघीही मला नीट वाटल्या नाहीत.
ऊन अंगणात आल्यावर बघतो तर सत्यभामानं ती काच तोंडाला लावलेली, डोकं ड्रममध्ये. मी काही म्हटलं नाही. शिकतोय मीही. बराच वेळ ती वर आली नाही. मग आली, केसांतून पाणी गळतंय, अन् म्हणाली:
"अहो, या. पोवळं दिसतंय."
मला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. माझ्यामुळं झाला, असंही क्षणभर वाटलं, खोटं कशाला लिहू. तिनं काच माझ्या तोंडाला बसवली, पट्टा मागून ओढला. ड्रमची कड धरली, डोळे मिटले, तोंड घातलं. मग उघडले.
तळाला गाळात अंगठी. लाल, टपोरी. उन्हात चमकत होती.
श्वास संपला तरी वर यावंसं वाटेना. वर आलं की बोलावं लागलं असतं.
मोजणीचा हात. रोज दंडापर्यंत. त्यातच निसटली असणार.
सत्यभामानं बाही सरकवून ती काढली, पुसली, माझ्या हातावर ठेवली. म्हणाली, नळाच्या दिवशी भामाबाई आधी ड्रम घासते अन् मग भरते. ती असती तर त्याच आठवड्यात तिला सापडली असती, अन् तिनं आणून दिली असती. मी म्हटलं, चला, तपास लागला म्हणायचा. "भामाबाईकडं तुम्हीच जायचं," म्हणाली. "मी यायची नाय."

१२ फेब्रुवारी, बुधवार
मुकुंदवाडीला गेलो. वाटेत वाक्यं जुळवली: प्रकरण मिटलेलं आहे, माझ्या मनात काही नाही, उद्यापासून यायला हरकत नाही.
दार उघडून भामाबाई म्हणाली, बसा शेठ. तांब्याभर पाणी दिलं. कोपऱ्यात घागरी उपड्या दिसल्या. त्यांच्याकडं नळ अजून यायचाय. आधी कळलं असतं तर घेतलं नसतं. अर्धं पिऊन झालं होतं.
म्हटलं, अंगठी सापडली. कुठं, ती म्हणाली. ड्रममध्ये, मी म्हटलं. तिला नवल वाटलं नाही. म्हणाली, रोज हात घालत होता ना, मला दिसत होती ढिली.
मी जरा चढ्या आवाजात विचारलं, मग तेव्हाच का नाही सांगितलंस?
ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, तुझं माझ्या अंगठीवर लक्ष का गं?"
म्हणालो असतो. अगदी ह्याच शब्दांत. जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. माझं चुकलं, एवढंच तोंडातून आलं, तेही तांब्याकडं बघून. ती व्हय म्हणाली. तिला दुसरीकडं काम लागलंय, आता यायला जमणार नाही. माणसं चांगली आहेत म्हणे. कशी आहेत ते मी विचारलं नाही.
रात्रीची भांडी मी घासली. सत्यभामाला म्हटलं, तू बस. घासणं अवघड नाही, पद्धत लागते. ताट विसळताना तिला सांगत होतो की पुढच्या वर्षी स्वतःच्या पैशानं जाऊ, अन् पहिल्याच दिवशी पाण्यात उतरू, शब्द आहे माझा. तिनं मागून हात घातला अन् वाहता नळ बंद केला.