दोनदा मोजलेलं घरटं

चिमणे,

कासवांची घरटी मोजायच्या मोहिमेवरून तू आलीस ती उन्हानं सोललेलं नाक आणि न थांबणारी बडबड घेऊन. विद्यापीठाच्या अर्जात मात्र लिहिलंस, की एक घरटं तू दोनदा मोजलंस, सगळ्यांसमोर ते कबूल केलंस आणि तुझ्यापायी गटातल्या बाराही जणांना पुन्हा किनारा तुडवावा लागला.

"अगं, अर्जात कुणी स्वतःची चूक लिहितं का? प्रवेश हवाय की माफी?" मी म्हटलं.

"आई, तिथं खरं तर तेवढंच शिकले मी."

तू आंघोळीला गेलीस आणि मी तो परिच्छेद पुसून टाकला. तुझ्याच भल्यासाठी, असं मनाला बजावत.

काल मुलाखतीहून तू नाचतच आलीस. "बाईंनी त्या घरट्याबद्दलच विचारलं! प्रवेश पक्का!" म्हणजे तो परिच्छेद तू परत लिहिला होतास. मला एका शब्दानं बोलली नाहीस, उलट गळ्यात पडलीस.

अकरा परक्यांसमोर तू चूक सांगितलीस. मला घरातल्या घरात तुझ्याजवळ तोंड उघडवेना, म्हणून लिहायला बसले. पण चिठ्ठी ठेवून मोकळं होणं ही पळवाटच. हा कागद आता फाडते. तू भाजी घेऊन आलीस, की तुझ्यासमोर बसून सांगते.

तुझी लबाड,
आई